मुरमाचं मैदान

माझ्या वडिलांना कुठलीही जागा डोळ्यांआधी पायांनी कळायची. कुणाच्या लग्नाला गेले की मांडवात बसण्याआधी चपलेच्या टोकानं जमीन थोडी उकरून बघत. नवीन बदलून आलेल्या साहेबांकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलो, तर साहेबांशी बोलायचं सोडून हे बागेच्या कडेला वाकलेले. आई सांगायची, मला बघायला आले तेव्हाही यांनी माझ्याकडे धड पाहिलं नाही. तिच्या माहेरच्या अंगणातली माती चिमटीत धरली आणि आजोबांना म्हणाले, संत्र्याला बरी आहे. आई हे दरवेळी नव्यानं रागावून सांगायची आणि बाबा दरवेळी तितकेच खूश व्हायचे.

काटोलकडे आमचं शेत होतं. ते मोठ्या काकांनी बघायचं असं ठरलं आणि बाबा कोराडीच्या पॉवर स्टेशनात लागले. रेल्वेच्या वाघिणींमधून आलेला कोळसा रबरी पट्ट्यांवरून बॉयलरकडे जातो, त्या पट्ट्यांवर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. पाळी संपली की अंगावरची काजळी धुवायचे आणि क्वार्टरच्या मागच्या वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यात शिरायचे. कॉलनीत सगळ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडायची, तशी आमच्या वांग्यांवरही पडायची. बाबा एकेक पान ओल्या फडक्यानं पुसत बसायचे. शेजारच्या काकू म्हणायच्या, एवढं तर आम्ही पोरांची तोंडंही पुसत नाही.

मी खेळायचे तो खेळ सॉफ्टबॉल. बेसबॉलचीच ती धाकटी बहीण. चेंडू थोडा मोठा, मैदान थोडं लहान, आणि चेंडू खांद्यावरून न फेकता हात खालून झपकन फिरवून फेकायचा. कॉलनीत मात्र सगळे त्याला बेसबॉलच म्हणत आणि आम्हीही दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही. शाळेतले खेळाचे सर कुठल्याशा शिबिराला जाऊन आले ते एक बॅट आणि हा खेळ घेऊनच आले. मुलांनी क्रिकेट सोडलं नाही, म्हणून तो मुलींच्या वाट्याला आला. माझा हात सरळ होता. मी पिचर झाले, म्हणजे चेंडू फेकणारी. माझ्यासमोर, बॅटवालीच्या मागे उकिडवी बसून चेंडू झेलणारी ती कॅचर.

शाळेत कॅचर होती. घरी कुठून आणायची? दिवेलागणीला प्रत्येकीची आई तिला हाक मारायची आणि मी चेंडू घेऊन एकटीच उरायचे. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर चेंडू आपटत राहायचे. एकदा बाबा वाफ्यातून उठून आले, जरा वेळ बघत राहिले आणि भिंतीला पाठ लावून उकिडवे बसले. म्हणाले, फेक. मी म्हटलं, हाताला लागेल. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी हातमोजा तयार केला. प्लँटमध्ये वेल्डिंगवाल्यांना कातडी हातमोजे मिळतात. त्यातला टाकून दिलेला, डाव्या हाताचा एक मोजा त्यांनी मागून आणला, तळव्याला कातड्याचा आणखी एक थर दाभणानं शिवला आणि मध्ये मशिनी पुसायचा सुताचा गुंता ठासून भरला. दिसायला तो अस्वलाच्या पंजासारखा होता. पण चेंडू त्यात असा काही बसायचा की आवाजावरूनच मला कळे, नीट गेला की नाही ते.

उकिडवं बसणं हे बाबांना बसणंच वाटायचं. खुर्चीवर ते अवघडत. शाळेच्या मुलींना तसं बसवायला सरांना महिने लागले होते, कुणाचे गुडघे दुखत, कुणी मागे पडे. सरांनी बाबांना एकदा पाहिलं तेव्हा ते हसून म्हणाले की, पाटील, तुम्ही माझ्या टीममध्ये या. बाबांना खेळाचे नियम कधीच नीट समजले नाहीत. पण पेरणी करताना बियाणं तासात पडलं पाहिजे, सरीच्या बाहेर नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. चेंडू मोज्यात सरळ आला की म्हणायचे, 'तासात हाय.' बाजूला गेला की, 'तास सुटला, बाई.' पुढे शाळेकडून विभागाच्या सामन्यांत शेकडो माणसं ओरडत असतानाही मला मनात तेवढंच ऐकू यायचं.

बारावी झाली तेव्हा कॉलेजचा प्रश्न आला. सर घरी आले, चहा घेतला आणि स्वच्छ सांगितलं. शहरात एक कॉलेज आहे, तिथं मुलींची खरी टीम आहे. तिथल्या मॅडम स्वतः विद्यापीठाकडून खेळलेल्या आहेत, दरवर्षी मुलींना बाहेरगावी सामन्यांना नेतात. सायन्सही आहे. खेळायचं आणि डिग्रीही घ्यायची असेल तर डोळे मिटून तिथं जा. दुसरंही एक कॉलेज होतं, शहराच्या टोकाला. तिथला सायन्सचा निकाल उत्तम, पण खेळाचे शिक्षक यायचे होते, टीम व्हायची होती. सर म्हणाले, तिथं सगळं व्हायचंच आहे.

आईचं म्हणणं एवढंच होतं की, डिग्री कळते मले, पण तिले चेंडू काहून लावून राहिले. बाबा सरांना म्हणाले, दोन्ही पाहून येऊ. डोळे मिटून जाणारे ते नव्हतेच. मे महिन्यातल्या त्या सकाळी त्यांनी पिशवीत पाण्याची बाटली, कांदा-भाकर, चेंडू आणि तो हातमोजा घातला, तेव्हा शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून विचारलं, ''पोरीसाठी कॉलेज पाहाले चालले का वावर?'' मला राग आला होता. पण खरं तेच होतं. लोक कॉलेजचे निकाल बघतात, वसतिगृह बघतात. आम्ही जमीन बघायला निघालो होतो.

पहिल्या कॉलेजात मॅडमचं उन्हाळी शिबिर चालू होतं. ऊन चढायच्या आत म्हणून मुली पहाटेपासूनच आलेल्या. मी कुंपणापाशी उभी राहून बघत होते आणि माझा हात आपोआप फिरत होता. मॅडमनी ते पाहिलं असावं. त्यांनी चेंडू माझ्या हातात दिला. त्यांच्या कॅचरनं मोजा धरला, खराखुरा मोजा, दुकानातला. मी फेकलं. मुली बोलायच्या थांबल्या. मॅडमनी पुन्हा फेकायला लावलं, मग पुन्हा, आणि शेवटी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, जुलैत ये, मी तुझी वाट बघते. इतक्या वर्षांत मला अशी वाट बघणारं फार कुणी भेटलं नाही. मी बाबांना सांगायला वळले, तर बाबा जवळ नव्हते.

ते मैदानाच्या पार टोकाला बसले होते. त्यांनी मला बोटानं बोलावलं. मैदान काळ्या मातीचं होतं आणि उन्हानं त्याला भेगा पडल्या होत्या. बाबांनी लिंबाची काडी एका भेगेत सोडली. ती आत गेली आणि दिसेनाशी झाली. त्यांनी मग आपली बोटं आत घातली, पार मनगटापर्यंत. मॅडम मागून आल्या होत्या. त्या म्हणाल्या की मुली धावतात तो भाग आम्ही भरून घेतो, पाणी मारतो, आजवर कुणाला काही झालेलं नाही. बाबांनी मान डोलावली, नमस्कार केला. बाहेर रस्त्यावर आल्यावर मला म्हणाले, ''पावसाळ्यात पाय रुतन अन् उन्हाळ्यात मोडन. हे कापसाची माती आहे वं, खेळाची नाही.''

बसमध्ये त्यांनी मला बैलाची गोष्ट सांगितली. ती मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. ते लहान असताना उन्हाळी नांगरणीत त्यांच्या बैलाचा पाय अशाच भेगेत अडकला आणि मोडला. जोडीतला तो मोठा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. बाबांनीच त्याची दोरी धरली होती. पुढं त्या बैलाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, खिडकीबाहेर बघत राहिले. मी त्यांच्या मनगटाकडे बघत होते. काळी माती अजून तशीच लागलेली होती.

दुसऱ्या कॉलेजात पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. सुट्टी चालू होती. फाटकाशी चौकीदार दुपट्टा तोंडावर घेऊन लिंबाखाली झोपला होता. मी म्हटलं, याला विचारू. बाबा म्हणाले, झोपल्या माणसाला काहून उठवाचं, आपल्याले पाहाचंच तं आहे. आणि आम्ही आत गेलो.

इमारतीच्या मागं वळलो आणि बाबा थबकले. समोर सगळं लाल होतं. ताजा मुरूम पसरलेला, वर रोलर फिरवून दाबलेला, एक ढेकूळ नाही, एक भेग नाही. आणि पलीकडच्या कोपऱ्यात पांढऱ्या फक्कीच्या रेघा. वाऱ्यानं बऱ्याचशा उडाल्या होत्या, पण एक कोन स्वच्छ राहिला होता, काटकोनात निघालेल्या दोन सरळ रेघा. आमचे सर सामन्याच्या आदल्या दिवशी मैदान आखायचे ते अगदी असंच. जिथं दोन रेघा भेटतात तिथं होम प्लेट, तिथंच बॅटवाली उभी राहते आणि तिथंच कॅचर बसते. मी धावत त्या कोपऱ्यात गेले आणि म्हणाले, ''बाबा, हे तं आपलंच आहे.'' हे मी म्हणाले होते. बाबांच्या आधी मी म्हणाले होते.

बाबांनी चपला काढल्या. मे महिन्याच्या भर दुपारी तापलेल्या मुरमावरून अनवाणी चालत गेले, वाकले, मूठभर मुरूम उचलला, चोळला, वास घेतला. कॉलेजवाल्यानं पैसे घालून हा मुरूम आणला असेल, म्हणाले, काळीवर टाकून दाबला आहे, पाणी कसं झरझर निघून जाईल बघ. ज्यानं जमिनीचं इतकं केलं तो खेळाचंही करेल. मग पिशवीतून हातमोजा काढला आणि त्या दोन रेघांच्या कोपऱ्यात उकिडवे बसले.

त्या दुपारी मी जे फेकलं तसं पुन्हा कधी फेकलं नाही. ऊन इतकं होतं की चेंडूही हाताला चटका देत होता. पायाखाली घट्ट जमीन, समोर तो अस्वलाचा पंजा आणि त्यामागे घामानं डबडबलेले बाबा. 'तासात हाय. तासात हाय.' एकही चेंडू सुटला नाही. फाटकाकडे चौकीदार एकदा उठून बसलेला दिसला, आमच्याकडे बघून पुन्हा आडवा झाला. त्याला वाटलं असेल, उन्हानं डोकी फिरलेली दिसतात. नंतर आम्ही भिंतीच्या सावलीत कांदा-भाकर खाल्ली. बाबांचे तळपाय भाजले होते आणि ते आनंदानं हसत होते.

सरांना हा निर्णय पटला नाही. त्यांनी बाबांना समजावलं की ग्राउंड खेळत नाही, मुली खेळतात, आणि शिकवणारं माणूस लागतं. बाबांनी शांतपणे सांगितलं, ''मास्तर बदलून जाते, मॅडम लग्न होऊन जाते. जमीन कुठं जाते?'' सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला ती मॅडम हवी होती. त्या मुलींमध्ये उभं राहून मोठ्यानं ओरडायचं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे कपाळावर पांढरा ठिपका असलेला तो बैल येत होता आणि लाल मुरमावर उकिडवे बसलेले बाबाही. मी म्हटलं, दुसरं. सर चहा अर्धा टाकून उठले.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी आईनं हातावर दही घातलं. बाबांनी पाळी बदलून घेतली होती. पाऊस चांगला झाला होता आणि बसमध्ये ते सारखं म्हणत होते, आता बघ, पाणी थांबलेलं दिसणार नाही. फाटकातून शिरलो तेव्हा मला माझा वर्ग शोधायचा होता, पण त्यांना आधी मागं जायचं होतं. आम्ही मागं गेलो.

तिथं खड्डे होते. ओळीनं खणलेले चौकोनी खड्डे, प्रत्येकात तांबडं पाणी साचलेलं, त्यातून लोखंडी सळया वर आलेल्या. गिट्टीचे ढीग, सिमेंटच्या पोत्यांवर ताडपत्री. एक शिपाई छत्री धरून उभा होता. बाबांनी त्याला विचारलं, इथलं ग्राउंड कुठं गेलं? तो म्हणाला, ''ग्राउंड नाही काका, बिल्डिंग होऊन राहिली. सायन्सच्या लॅबा येतेत इथं.'' आणि तो मुरूम? ''तो उन्हाळ्यात टाकला होता. पावसात ट्रक फसू नाही म्हणून.'' फक्कीच्या रेघांबद्दल आम्ही विचारलंच नाही. तोवर कळलं होतं. इमारतीचा पायवा जिथं घ्यायचा तिथं आखणी करतात, ती तशीच काटकोनात असते. आमचा कोपरा पलीकडे दिसत होता. तिथला खड्डा सगळ्यांत खोल होता.

मला वाटलं बाबा काहीतरी बोलतील, चिडतील, त्या शिपायाला तरी बोल लावतील. त्यांनी खड्ड्याच्या काठावरून थोडा मुरूम उचलला. ओला होता. मुठीत दाबला, उघडला, बोटांवरचं पाणी निथळू दिलं. ''मुरूम चांगला होता,'' एवढंच म्हणाले आणि हात पँटला पुसला.

त्याच दिवशी, वर्ग बुडवून, आम्ही मॅडमकडे गेलो. त्यांनी मला लगेच ओळखलं. मी आले म्हणून त्यांचा चेहरा फुलला आणि बाबांनी सगळं सांगितल्यावर उतरला. सायन्सच्या जागा भरल्या होत्या. त्यांनी ऑफिसात जाऊन पाहिलं, परत येऊन मान हलवली. पुढच्या वर्षी या, म्हणाल्या. बाबा उभेच होते. मैदानावर मुली चिखलातच सराव करत होत्या. पाय रुतत होते, पडत होत्या, उठत होत्या, हसत होत्या. बाबा त्यांच्याकडे बघत होते आणि मला ते बघवत नव्हतं.

घरी आल्यावर ते आईला म्हणाले, एक साल जाऊ दे तिचं, पुढच्या वर्षी तिथं टाकू. आईनं साफ नकार दिला. घरी बसलेल्या पोरीला बघायला लोक येतात, चेंडू खेळायला बोलवायला नाही, असं ती म्हणाली आणि ते खरंही होतं. पण नाही मीसुद्धा म्हटलं. मला वाटलं, मी जर वर्षभर घरात बसले तर बाबांना रोज आपली चूक समोर बसलेली दिसेल. त्यापेक्षा हसतखेळत कॉलेजला जावं, म्हणजे त्यांना वाटेल, फार काही बिघडलं नाही. अठरा वर्षांच्या मुलीला सुचलेलं शहाणपण हे एवढंच होतं.

खेळाचे शिक्षक पुढच्या वर्षी आले. मुलींसाठी कॅरम आला.

मला वाटलं होतं, टीम नाही तर नाही, घरामागची पाण्याची टाकी तर आहे. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी चेंडू घेऊन बाहेर गेले आणि हाक मारली. बाबा वाफ्यात होते. म्हणाले, आज गुडघा दुखून राहिला. दुसऱ्या दिवशी पाळी होती. मग वांग्यांवर कीड पडली होती. वांग्यांपाशी ते उकिडवेच बसायचे, तासन् तास, हे मला दिसत होतं. मी काही बोलले नाही. भिंतीवर थोडे दिवस चेंडू आपटला. मग तेही सुटलं.

हातमोजा एके दिवशी स्वयंपाकघरात दिसला. आई त्यानं गॅसवरून डाळीचं पातेलं उतरवत होती. माझं डोकं भडकलं. मी आईला नाही नाही ते बोलले, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची तुझी सवय, काय काय. आईनं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, ''मी कशाले घेऊ? त्यायनं आणून देल्ला. म्हणे, चटका लागत नाही.'' बाहेर बाबा पानं पुसत होते. त्यांनी ऐकलं असणारच.

लॅबची इमारत मी दुसऱ्या वर्षात असताना पूर्ण झाली. केमिस्ट्रीची प्रयोगशाळा खालच्या मजल्यावर, अगदी टोकाची खोली. खिडकीतून दिसणारं लिंबाचं झाड आणि फाटक यावरून मी हिशोब लावला होता. कोपऱ्यातल्या ज्या ओट्यापाशी आम्ही नळी हातात धरून थेंब थेंब आम्ल सोडत असू, तिथंच कुठंतरी बाबा उकिडवे बसले होते. मला गुण चांगले मिळाले. बाबा अभ्यासाचं सगळं विचारायचे, पेपर कसा गेला, प्रॅक्टिकल कसं झालं. ते कुठल्या इमारतीत होतं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

शेवटच्या वर्षी त्यांची छाती भरायला लागली. कॉलनीतल्या दवाखान्यातून शहरात, धंतोलीत पाठवलं. तिथल्या एका छोट्या खासगी दवाखान्यात, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, कुठून कुठून आलेल्या माणसांच्या रांगेत आम्हीही बसलो. मग त्यांना दाखल करून घेतलं. कॉलेजातून मी थेट तिकडेच जायचे. आई त्या वेळी घरी जाऊन डबा करून आणायची आणि दुपारचा तेवढा वेळ आम्ही दोघंच असायचो.

अशाच एका दुपारी ते बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होते. मी पलंगाशेजारच्या स्टुलावर चपला काढून बसले होते. एकदम म्हणाले, ''तुह्या पायाले कधी काही झालं नाही न?''

मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी म्हटलं, ''नाही बाबा. पाय ठणठणीत आहेत.''

''बस,'' ते म्हणाले. ''तेवढंच पाहाचं होतं.''

कुठं धावले होते मी, की पायाला काही व्हावं? हे ओठांपर्यंत आलं आणि गिळलं. पण दुसरं बाहेर पडलंच. मी विचारलं, ''तुम्ही माह्यासमोर बसणं काहून सोडलं, बाबा?''

त्यांना श्वास जमवायला वेळ लागला. ''कोन्या तोंडानं बसू? मीनंच तुहा खेळ मोडला, अन् मीच पुढं बसून म्हणू, तासात हाय?''

''माह्याच तोंडून पहिले निघालं होतं, हे आपलंच आहे म्हणून. तुम्ही एकट्यानं नव्हतं पाह्यलं.''

त्यांनी हात हलवला, म्हणजे ते नको. मी रडत होते. मी म्हटलं, ''मले ग्राउंड नव्हतं पाहिजे. मॅडमई नव्हती पाहिजे. संध्याकाळी तुम्ही बसले असते टाकीपाशी, तं मले बाकी काही नव्हतं लागत.''

त्यांच्या डोळ्यांत नवल होतं, राग नव्हता. जणू कुणी त्यांना सांगत होतं की जे शेत काही पिकणार नाही म्हणून तुम्ही पडीक ठेवलं, ते चांगलं होतं.

''मंग सांगाचं होतं न वं, माय,'' ते म्हणाले.

तेवढ्यात आई डबा घेऊन आली. तिनं माझा चेहरा पाहिला, त्यांचा पाहिला आणि वरणभात कालवायला घेतला. त्यांनी दोन घास खाल्ले. मला वाटत होतं, घरी आणू, बरे होतील, निदान अंगणात खुर्ची टाकून तरी बसवू आणि मी हळूच, अगदी हळूच फेकेन. मी चेंडूही शोधून ठेवला होता, पेटीच्या तळाशी होता. ते घरी आले नाहीत. आलं ते गाडीतून, पांढऱ्या कापडात.

तेरवी झाली, पाहुणे गेले. क्वार्टर सोडायचं होतं. वांग्यांची पानं राखेनं करडी झाली होती आणि ती पुसायचं कुणाला सुचलं नव्हतं. सामान बांधता बांधता मी स्वयंपाकघरात गेले. हातमोजा खिळ्याला टांगलेला होता. मी तो डाव्या हातात घातला आणि पेटीतला चेंडू त्यात ठेवला. चेंडू बसेना. पातेल्यांचे काठ धरून धरून तळवा मधोमध दुमडला होता, कातडं जळून कडक झालं होतं, आतला सुताचा गुंता एका बाजूला सरकून गोळा झाला होता. मी दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, अंगठ्यानं खळगा करून पाहिला. चेंडू दरवेळी घरंगळून खाली पडत होता.

आई ओट्याशी उभी होती. भाताचं पाणी उतू जायला आलं होतं आणि तिनं माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी मोजा काढला आणि तिच्या हातात दिला.